ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर : स्पेसर व लांब स्टड बसविण्यापूर्वी



बैलजोडीने डवरणी करताना आपण वखराचे जू वापरत नाही. डवऱ्याला लांब जू लागते. दोन्ही बैल पिकाच्या तासांमधून, रोपावर पाय न देता चालावेत हा त्यामागचा हेतू असतो. ट्रॅक्टरला जू नसते. त्याच्या डाव्या व उजव्या चाकांतील अंतर हेच त्याचे जू समजावे. हे जू पिकाच्या तासाशी जुळले नाही तर डवरा कितीही चांगला असला तरी चाकाखाली पीक जाते.

सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीड व आसपासच्या गावांत सोयाबीन, कपाशी, तूर व हरभरा ही मुख्य पिके आहेत. मजुरांची टंचाई व बैलजोडी सांभाळण्याचा खर्च यामुळे अनेक शेतकऱ्यांनी डवरणी व फवारणीसाठी छोटे ट्रॅक्टर घेतले. घेतल्यावर लक्षात येते की चाके तासात नीट बसत नाहीत. मग गावातील लेथवाल्याकडून लोखंडी चकत्या करून हब व चाक यांच्यामध्ये घालतात. या चकतीलाच स्पेसर म्हणतात. शहरात जीपला किंवा हौसेने बांधलेल्या मोटारीला रुंद चाके बसवितानाही हाच उपाय करतात. तेथे तो शोभेसाठी असतो, आपल्याकडे तो पिकासाठी आहे. उपाय चुकला तर परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच होतो.

दुसरबीड शिवारातील एका शेतकऱ्याच्या छोट्या ट्रॅक्टरचे मागील चाक सोयाबीनच्या दुसऱ्या डवरणीच्या वेळी बांधावर वळताना निखळले. पाहणी केली तेव्हा हब व डिश यांच्यामध्ये प्रत्येक स्टडवर चार-चार जाड वायसर घातलेले आढळले. स्टड मूळचेच होते. नट जेमतेम दोन आट्यांवर अडकलेले होते. तीन स्टड तुटले होते व उरलेले वाकले होते. ट्रॅक्टर हळू चालत असल्याने चालविणाऱ्या मुलाला फक्त खरचटले. मात्र आदल्याच दिवशी याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निंदणाच्या बाया बसून शेतात आल्या होत्या. चाक रस्त्यात निखळले असते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. ही चूक अडाणीपणाची नव्हती. पीक वाचविण्यासाठी केलेली ती खटपट होती. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

१. आधी अंतर मोजा

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. डाव्या मागील टायरच्या बाहेरील कडेपासून उजव्या मागील टायरच्या आतील कडेपर्यंत टेपने मोजावे. दोन्ही टायर सारखे असतील तर हे माप म्हणजेच एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर होय. त्यानंतर टायरची रुंदी मोजावी. टायरवर ८.३-२० असे लिहिले असेल तर रुंदी ८.३ इंच, म्हणजे सुमारे २१ सें.मी. असते. १२.४-२८ टायर सुमारे ३१.५ सें.मी. व १३.६-२८ टायर सुमारे ३४.५ सें.मी. रुंद असतो.

४५ सें.मी. अंतराच्या दोन तासांमधून २१ सें.मी. रुंदीचे चाक अगदी मधोमध चालले तर दोन्ही बाजूंना १२-१२ सें.मी. जागा राहते. त्याच जागेतून १२.४ इंची टायर नेला तर प्रत्येक बाजूला पावणेसात सें.मी.च उरतात. मोठ्या ट्रॅक्टरने सोयाबीनमध्ये डवरणी करणे कठीण का जाते, हे यावरून कळते. तेथे अडचण चाकांतील अंतराची कमी व टायरच्या रुंदीची अधिक असते. टायर रुंद असेल तर कोणताही स्पेसर उपयोगी पडत नाही.

२. कोणत्या पिकाला किती अंतर हवे

नियम सोपा आहे. चाकांतील अंतर हे दोन तासांतील अंतराच्या पूर्ण पटीत असावे. म्हणजे दोन्ही चाके तासांच्या मधोमध चालतात.

• सोयाबीन, तास ४५ सें.मी. : चाकांतील अंतर ९०, १३५ किंवा १८० सें.मी.
• कपाशी किंवा तूर, तास ९० सें.मी. : चाकांतील अंतर ९० किंवा १८० सें.मी.
• कपाशी, तास १२० सें.मी. : चाकांतील अंतर १२० सें.मी.
• हरभरा, तास ३० सें.मी. : उभ्या पिकात चाक नेऊ नये; चाकासाठी ओळ रिकामी ठेवावी.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. ९० व १८० सें.मी. ही अंतरे सोयाबीन, कपाशी व तूर या तिन्ही पिकांना चालतात. छोट्या ट्रॅक्टरसाठी ९० सें.मी. हे सोयीचे माप आहे. मात्र तूर व कपाशी वाढली की ट्रॅक्टरच्या पोटाखालून ती जात नाहीत. एक्सलची जमिनीपासूनची उंची मोजावी व पीक त्याहून उंच होण्यापूर्वीच ही कामे उरकावीत.

अंतर अगदी तंतोतंत जुळलेच पाहिजे असे नाही. समजा, छोट्या ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर ७६ सें.मी. आहे व सोयाबीनसाठी ९० सें.मी. हवे आहे. फरक १४ सें.मी., म्हणजे प्रत्येक बाजूला ७ सें.मी. २१ सें.मी. रुंदीचा टायर मध्यापासून ७ सें.मी. सरकला तर एका बाजूला १९ सें.मी. व दुसऱ्या बाजूला फक्त ५ सें.मी. जागा राहते. स्टिअरिंग थोडे हलले की रोप गेले. पण हाच फरक प्रत्येक बाजूला २ सें.मी. इतका असेल तर कमी बाजूलाही १० सें.मी. राहतात. तेवढ्यात सवयीचा चालक डवरणी करू शकतो. म्हणून २-३ सें.मी.च्या फरकासाठी स्पेसर लावू नये.

३. कंपनीने दिलेली सोय वापरा

चाकांतील अंतर बदलण्याची गरज ट्रॅक्टर बनविणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे १९४६ साली बनू लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरची चाके ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत, ४-४ इंचांच्या टप्प्याने लांब-जवळ करता येत. मधली डिश व बाहेरील रिम हे दोन वेगळे भाग ठेवून ही सोय साधली होती. आज आपल्याकडील बऱ्याच ट्रॅक्टरांत हीच पद्धत आहे.

मागील चाकाची डिश सपाट नसते, तिला फुगवटा असतो. फुगवटा आतल्या बाजूस असेल व डिश उलटी करून बसविली तर चाक बाहेर किंवा आत सरकते. रिमवरील पकडीही एका बाजूला असतात. रिम फिरवून बसविल्यास अंतर पुन्हा बदलते. डिश व रिम यांच्या वेगवेगळ्या जोडणीतून अनेक अंतरे मिळतात. आपल्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत याची आकृती व अंतरांचा तक्ता दिलेला असतो. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून मागून घ्यावी.

वरील उदाहरणात डिश उलटी करून चाकांतील अंतर ७६ वरून ८६ सें.मी. झाले, तर ९० पेक्षा प्रत्येक बाजूला २ सें.मी.चाच फरक उरतो. म्हणजे स्पेसरची गरजच राहिली नाही. केवळ पाना व जॅक यांच्या साहाय्याने काम झाले.

डिश उलटी करताना एक काळजी घ्यावी. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असतो. चाक उलटल्यावर बाणही उलटत असेल तर डावे चाक उजवीकडे व उजवे चाक डावीकडे बसवावे. नक्षी उलटी राहिल्यास काळ्या ओल्या जमिनीत चिखल टायरमधून बाहेर पडत नाही व चाक घसरते.

४. पेरणी चाकाप्रमाणे करा

यंत्र पिकाप्रमाणे बदलते तसे पीकही यंत्राप्रमाणे पेरता येते. ही बाब बहुतेक वेळा विसरली जाते, कारण पेरणी जूनमध्ये होते व चाकाची अडचण जुलैमध्ये दिसते.

चाकांतील अंतर १३५ सें.मी. असेल तर दोन चाकांमध्ये सोयाबीनचे ३ तास बसतात व मधला तास ट्रॅक्टरच्या बरोबर मध्यावर येतो. अशा वेळी पेरणी यंत्राचे फण विषम संख्येत, म्हणजे ५, ७ किंवा ९ असावेत. चाकांतील अंतर ९० किंवा १८० सें.मी. असेल तर ट्रॅक्टरचा मध्य दोन तासांच्या मध्ये येतो. तेव्हा फण सम संख्येत, म्हणजे ४, ६ किंवा ८ ठेवावेत. हा साधा हिशेब चुकला तर चाकांतील अंतर बरोबर असूनही चाक तासावरच येते व शेतकरी विनाकारण चाकाला दोष देतो.

दुसरी गोष्ट, जितक्या तासांचे पेरणी यंत्र तितक्याच तासांचा डवरा वापरावा. दोन फेऱ्यांमधील जोड-तासाचे अंतर कधीच एकसारखे राहत नाही. डवरा पेरणीच्याच फेरीत चालला तर या चुकीचा त्रास होत नाही.

तिसरा मार्ग पट्टा पेर पद्धतीचा. ठरावीक ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवल्यास फवारणीसाठी जायला वाट मिळते, हवा व प्रकाश आत जातो, आणि रुंद टायरच्या ट्रॅक्टरलाही जागा होते. मात्र दोन रिकाम्या ओळींमधील अंतर आपल्या चाकांतील अंतराशी जुळले पाहिजे. समजा, चाकांतील अंतर १८० सें.मी. आहे व तास ४५ सें.मी.चे आहेत. ३ ओळी पेरून चौथी रिकामी ठेवली तर रिकाम्या ओळी बरोबर १८० सें.मी. अंतरावर येतात व दोन्ही चाके त्यांतून चालतात. सगळ्या शेतात एवढ्या ओळी रिकाम्या ठेवायच्या नसतील तर फवारणी पंपाच्या दांडीची रुंदी पाहून तितक्या अंतरावर अशी एकेक जोडवाट ठेवावी.

५. स्पेसर लावल्याने काय बदलते

वरील उपाय करूनही फरक उरला तरच स्पेसरचा विचार करावा. तो लावल्याने दोन गोष्टी बदलतात.

पहिली, भार बाहेर सरकतो. समजा, मागील एका चाकावर ५०० किलो भार आहे व चाकाचा मध्य बेअरिंगपासून १५ सें.मी. बाहेर आहे. एक्सलला वाकविणारा जोर ५०० गुणिले १५, म्हणजे ७,५०० इतका धरू. ७ सें.मी.चा स्पेसर घातला की तोच जोर ५०० गुणिले २२, म्हणजे ११,००० होतो. वजन एक किलोही वाढले नाही, पण बेअरिंग व एक्सलवरील ताण जवळजवळ दीडपट झाला. डिश उलटी केल्यानेही भार बाहेर जातोच. परंतु तेवढा भार ट्रॅक्टर बनविताना हिशेबात धरलेला असतो. स्पेसरचा भार त्या हिशेबाबाहेरचा असतो. म्हणून डिश पूर्ण बाहेर काढून वर पुन्हा स्पेसर लावणे, असे दोन्ही एकत्र करू नये.

दुसरी, स्टडवरील काम वाढते. चाकाचा भार स्टड पेलतात असा समज आहे. वास्तविक नट आवळल्यावर स्टड ताणला जातो, डिश हबवर घट्ट दाबली जाते व त्या दोन पृष्ठभागांतील घर्षण भार पेलते. स्टड ओढून धरण्यासाठी आहे, वाकण्यासाठी नाही. दाब कमी झाला की डिश किंचित सरकू लागते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात स्टड थोडा इकडे, थोडा तिकडे वाकतो. तार हाताने पुनःपुन्हा वाकविली की शेवटी तुटते, तसा तो एक दिवस तुटतो. स्टड जितका लांब तितका सैल जोडात वाकणे अधिक.

वायसर घालण्याची पद्धत धोक्याची आहे ती याच कारणाने. वायसर घातल्यावर डिश हबच्या संपूर्ण पृष्ठभागावर न टेकता पाच-सहा ठिपक्यांवर टेकते. घर्षणाची जागा राहत नाही, डिश नटाखाली वाकते व आवळलेले नट दोन तासांत सैल होतात. वायसर म्हणजे स्पेसर नव्हे.

६. स्पेसरची निवड

स्पेसर दोन प्रकारचे असतात. पहिला साधी चकती. ती मूळ स्टडवरच ओवली जाते, म्हणून लांब स्टड बसवावे लागतात. साधारणतः २५ मि.मी. जाडीपर्यंतच हा प्रकार वापरावा. दुसऱ्या प्रकारात स्पेसर मूळ स्टडवर नटांनी घट्ट बसवितात व स्पेसरलाच स्वतःचे वेगळे स्टड असतात. त्यांवर चाक बसते. जास्त जाडी लागत असेल तर हा दुसरा प्रकारच घ्यावा. मात्र त्याचे आतले नट चाकामागे झाकले जातात. चाक काढल्याशिवाय ते तपासता येत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

कोणताही प्रकार घेतला तरी पुढील बाबी पाहाव्यात.

• स्पेसर अखंड पोलादाचा असावा. ओतीव बिडाचा नसावा. बीड धक्क्याने तडकते. पट्ट्या वेल्ड करून केलेला स्पेसर घेऊ नये.
• दोन्ही पृष्ठभाग लेथवर घेतलेले व एकमेकांना समांतर असावेत. चार ठिकाणी जाडी मोजून पाहावी. जाडीत फरक असेल तर चाक डुलते.
• मधले छिद्र हबच्या उंचवट्यावर घट्ट बसणारे असावे व बाहेरील बाजूस डिशसाठी तसाच उंचवटा असावा. तो नसेल तर चाकाचा मध्य फक्त स्टडच्या भरवशावर राहतो.
• डाव्या व उजव्या बाजूस एकाच जाडीचा एकच स्पेसर असावा. दोन पातळ स्पेसर एकावर एक घालू नयेत.
• स्पेसर शक्यतो ट्रॅक्टरच्या अधिकृत विक्रेत्यामार्फत, आपल्याच मॉडेलसाठी बनविलेला घ्यावा.

७. लांब स्टडची निवड

लांबी : स्पेसरच्या जाडीइतकीच स्टडची लांबी वाढली पाहिजे. उदाहरणार्थ, मूळ स्टड हबबाहेर ३८ मि.मी. आहे व डिश १० मि.मी. जाड आहे. नटासाठी २८ मि.मी. उरतात. २५ मि.मी.ची चकती घातली व स्टड तोच ठेवला तर नटासाठी फक्त ३ मि.मी. राहतील, म्हणजे दोनच आटे. येथे नवा स्टड ६३ मि.मी. बाहेर हवा. नटात गेलेल्या आट्यांची लांबी निदान स्टडच्या व्यासाइतकी असावी, १६ मि.मी. स्टडला १६ मि.मी. नट पूर्ण भरून दोन-तीन आटे बाहेर दिसले म्हणजे ठीक.

मजबुती : चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा ओढ सहन करण्याची ताकद सांगतो. ८.८ चा बोल्ट दर चौरस मि.मी.ला सुमारे ८० किलो व १०.९ चा सुमारे १०० किलो ओढ सहन करतो. साध्या ४.६ च्या बोल्टची ताकद ४० किलोच्या आसपास असते. नवा स्टड मूळ स्टडपेक्षा कमी ग्रेडचा कधीही नसावा. साध्या सळईवर लेथने आटे पाडून केलेला स्टड दिसायला तसाच, पण ताकदीने निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो.

आटे : व्यास सारखा असूनही आट्यांतील अंतर वेगळे असू शकते. १६ मि.मी. स्टड १.५ व २ मि.मी. अशा दोन्ही अंतरांत मिळतो. नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. पान्याच्या जोराने चढविलेला नट आटे कापतो. नटाची बैठक सपाट, उतरती की गोलाकार हेही डिशच्या छिद्राशी जुळवून घ्यावे.

वेल्डिंग : जुन्या स्टडला तुकडा वेल्ड करून लांबी वाढवू नये. उष्णता देऊन कठीण केलेले पोलाद वेल्डिंगने जोडाजवळ कुठे मऊ तर कुठे ठिसूळ होते. असा स्टड पूर्वसूचना न देता तुटतो. एक जरी स्टड तुटला तरी त्या चाकाचे सर्व स्टड बदलावेत, कारण तुटलेल्याचा भार इतरांनी सोसलेला असतो.

८. बसविण्याची पद्धत

दातेरी मानेचे स्टड हबच्या मागील बाजूने प्रेसने बसवावे लागतात. हातोड्याने ठोकल्यास ते तिरपे बसतात व धक्का बेअरिंगला लागतो. हे काम वर्कशॉपमध्येच करावे. चाक चढविण्याचे काम शेतकरी स्वतः करू शकतो.

(१) ट्रॅक्टर सपाट, टणक जागी उभा करून ब्रेक लावावा. इतर चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत.
(२) चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत, नंतर जॅक लावावा.
(३) केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये. एक्सलखाली मजबूत लाकडी ओंडका किंवा स्टँड ठेवावा. टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर ते आधी काढावे; पाण्याचे चाक दोन माणसांना आवरत नाही.
(४) हब, स्पेसर व डिश यांचे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज, माती व जाड रंग काढावा. मध्ये राहिलेला रंगाचा थर पुढे दबतो व नट सैल होतात.
(५) आट्यांना ग्रीस लावू नये, पुस्तिकेत तसे सांगितले असेल तरच लावावे.
(६) नट हाताने लावून समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एका बाजूने ओळीने आवळू नयेत.
(७) शेवटचा जोर पुस्तिकेप्रमाणे द्यावा. जोर मोजणारा पाना नसेल तर अंदाज असा घ्यावा : पुस्तिकेत २० किलोग्रॅम-मीटर असेल तर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर. पाईप लावून दोघांनी लोंबकळणे म्हणजे घट्ट आवळणे नव्हे. त्याने स्टड ताणून निकामी होतो.

९. बसविल्यानंतर

पहिल्या तासाभराच्या कामानंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. पहिला दिवस संपल्यावर व नंतर आठवडाभर रोज सकाळी तपासावेत. पुढे दर ५० तासांच्या कामानंतर तपासणी चालू ठेवावी. नटावर व डिशवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजावे.

नटाभोवती तांबूस गंजाचे ओघळ, डिशवर घासल्याच्या चकचकीत खुणा, लंबगोल झालेली छिद्रे, वळताना येणारा कटकट आवाज, गरम होणारा हब, एक्सलच्या टोकाशी तेलाची गळती, यांपैकी काहीही दिसल्यास काम तेथेच थांबवावे. नुसते नट आवळून पुढे जाऊ नये. छिद्र लंबगोल झाले असेल तर ती डिश बदलावी.

१०. पुढच्या चाकांना स्पेसर नको

पुढची चाके मागच्या चाकांच्या रेषेत चालली पाहिजेत, नाहीतर चार चाकांच्या चार वाटा होतात. बहुतेक दोन-चाकी-चालित ट्रॅक्टरांचा पुढचा एक्सल एकात एक सरकणाऱ्या भागांचा असतो. बोल्ट काढून तो दोन्ही बाजूंना सारखा लांबवावा व स्टिअरिंगचे दांडेही त्याप्रमाणे जुळवावेत. पुढे स्पेसर घातल्यास चाक ज्या खुंटीभोवती वळते तिच्यापासून दूर जाते. स्टिअरिंग जड होते व दगडाचा धक्का थेट हाताला बसतो. चारही चाके चालणाऱ्या ट्रॅक्टरात डिश उलटी करण्यापलीकडे काही करू नये.

११. रस्ता, ट्रॉली व कायदा

दुसरबीडचा शेतकरी शेतातच राहत नाही. बियाणे, खत, माल व मजूर यांसाठी तो मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावर येतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, पण त्यावर ट्रॅक्टरला परवानगी नाही. म्हणजे आपली ट्रॉली जुन्याच रस्त्याने, मालट्रकांच्या शेजारून चालणार. शेतात ताशी चार-पाच कि.मी. वेगाने निखळलेले चाक व भरल्या ट्रॉलीसह उतारावर निखळलेले चाक यांत फार फरक आहे. म्हणून स्पेसर हे डवरणीच्या हंगामापुरते साधन समजावे. हंगाम संपताच ते काढून चाके मूळ स्थितीत आणावीत व त्यानंतरच ट्रॉली जोडावी. लांब स्टड तसेच राहिले तरी चालतात, पण नट स्टडच्या आटे नसलेल्या भागावर अडकत नाही ना हे पाहावे. तसे झाले तर नट घट्ट वाटतो आणि डिश सैलच राहते. ट्रॉलीतून माणसे नेण्याचे तर नेहमीच टाळावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. शिवाय असा बदल केल्यावर अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, तसेच हमीच्या काळात बेअरिंग गेल्यास कंपनी भरपाई नाकारू शकते. स्पेसर घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी विचारणा करून घ्यावी.

थोडक्यात

• पेरणीपूर्वीच चाकांतील अंतर व टायरची रुंदी मोजा.
• फणांची संख्या व तासांतील अंतर चाकाशी जुळवा.
• डिश व रिम फिरवून मिळणारी सर्व अंतरे तपासा.
• फरक २-३ सें.मी. असेल तर काहीही बदलू नका.
• स्पेसर लावायचाच तर अखंड, समांतर व मध्यावर बसणारा घ्या; सोबत योग्य लांबीचे व मूळ ग्रेडचे स्टड घ्या. वायसर व वेल्डिंग नको.
• पहिल्या तासानंतर नट तपासा व हंगाम संपताच स्पेसर काढा.

डवऱ्याचे जू आपण डवरणी झाली की काढून ओसरीवर टांगून ठेवतो. ट्रॅक्टरच्या स्पेसरलाही तीच सवय लावावी. पिकाचे दोन तास चाकाखाली गेले तर नुकसान एका हंगामाचे होते. चाक निखळले तर ते भरून येत नाही.